ठासणीच्या बंदुकीची पूजा

दोन चापांमधला तो तिळाएवढा स्क्रू मी किती वेळा फिरवला, ते मोजलंच नाही. इंजिनिअर म्हणवणाऱ्या माणसाने हे चारचौघांत सांगू नये, पण सांगतो.

बंदूक माझी नव्हती. आमच्या नेमबाजीच्या क्लबातल्या एका किवी आजोबांनी ती स्वतःच्या हातांनी घडवलेली. खंडेनवमीला आम्ही हत्यारं पुजतो, असं मी बोलून गेलो, तर त्यांनी कौतुकाने दिलीच. लायसन्स होतं माझ्याकडे. अक्कल नव्हती. "शनिवारी मॅचच्या आधी न्यायला येतो," म्हणाले. हात थरथरायला लागल्यामुळे ती त्यांची शेवटची मॅच होती.

शनिवारी सकाळी रोटोटुनातल्या आमच्या गराजमध्ये मी ती रिकामी बंदूक पुसायला घेतली. मागचा चाप ओढला की टक् व्हायला हवं. मग पुढच्याला नुसतं बोट लागलं तरी घोडा पडतो. पण मागचा अर्ध्यावरच अडकला. स्क्रू आत घेतला. बाहेर घेतला. तेल सोडलं. शेवटी हात जोडले. आजोबा दहाला येणार आणि साडेनऊ वाजून गेलेले.

बायको फार्मासिस्ट. टॉर्च आणि चिमटा घेऊनच आली.

"अरे, केवढी ही हळद! आणि हे काय?"

चिमट्यात तांदळाचा दाणा. मीच भक्तिभावाने मूठभर अक्षता टाकल्या होत्या.

मागचा चाप ओढला. टक्! मी उडी मारणार, तोच कळलं, आता पुढचा चाप हलेना.

"स्क्रू किती फिरवलायस?"

"हीप्स," मी इथल्या बोलीत कबूल केलं. म्हणजे ढीगभर.

तेवढ्यात दारात गाडी थांबली. आजोबांना सगळं सांगून टाकलं. त्यांनी खिशातून बारका स्क्रूड्रायव्हर काढला. हात असा थरथरत होता की दोनदा खाचेवरून घसरला. मला बघवेना. तिसऱ्यांदा बसला. अर्धा फेरा, मग जरासा आणखी. टक्. पुढच्या चापाला बोट लावताच अंगठ्याने धरलेला घोडा हलकेच खाली आला.

"स्वीट ॲज," ते म्हणाले, म्हणजे किवी बोलीत झकास. मी दस्त्यावरचं कुंकू पुसायला फडकं उचललं, तर माझा हात बाजूला सारला. "राहू दे ते. आज लागेल."

गाडी वळेपर्यंत आम्ही दोघं दारात उभे होतो. मग बायको म्हणाली, "पुढच्या वर्षी अक्षता फक्त तुझ्या लॅपटॉपवर. आणि झाकण लावून."