चालतंय मालक

जगातली कोणतीही नवी गोष्ट ऐकली की आमचे मालक आधी मोठी जांभई देत आणि मग म्हणत, ''जुनं चालतंय ना? मग हात लावू नको.'' पाठीमागं आम्ही त्यांना 'चालतंय मालक'च म्हणायचो. क्रांती चौकाजवळ औषधाच्या दुकानावर त्यांचं ऑफिस होतं. आधी केबल, मग इंटरनेट. बायपासच्या बाजूला कोरड्या शेतांत वसाहती उगवत होत्या. तिथं नळाच्या आधी मालकांची वायर पोचे.

इंटरनेटवर प्रत्येक जोडणीला एक आकडी पत्ता लागतो; त्यातले जुन्या पद्धतीचे पत्ते तेव्हा जगातच संपत आले होते. मालकांकडे मूठभर होते. त्यांनी एकेका पत्त्यामागं अख्खी वसाहत कोंबली. नव्या पद्धतीत घरटी वेगळा पत्ता मिळतो आणि पत्ते संपत नाहीत, हे मी नोकरीला लागल्यापासून सांगत होतो.

''एका टँकरवर गल्ली जगती का नाय?'' मालक म्हणायचे. ''गिऱ्हाईक मागतंय का? नाय. सरकार इचारतंय का? नाय. मग तुलाच का लई खाज?''

नवी पद्धत चालवणारं महागडं यंत्र ऑफिसात आलेलं होतं. दसऱ्याला त्याला झेंडूचा हार मिळाला. ती सोय सुरू करायची परवानगी मात्र मिळाली नाही. हा माणूस विमान विकत घेऊन रस्त्यावरून हाकेल, असं मी म्हणायचो.

मग एका वसाहतीतून कुणीतरी नेटवरून धमकी पाठवली. पोलिसांना पत्ता सापडला, पण त्यामागं शंभरावर घरं. कुणाचं काम, हे आमच्याकडे नोंदलेलंच नव्हतं. पोलिसांनी सोपा माणूस उचलला : वाळूजला कारखान्यात कामाला जाणारा, नुकताच आलेला भाडेकरू. त्याची बायको कडेवर लेकरू घेऊन ऑफिसात आली.

''मालक, तुमच्या मशीनला इचारा. ह्यांनी काय बी केलं नाय.''

मालकांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, ''मशीनला सगळे एकच दिसतात. यांनी केलं नाही, हेसुद्धा ते सांगू शकत नाही.''

मालकांनी चपला घातल्या आणि थेट ठाणं गाठलं. ''पत्ता माझा हाय. त्याला ठेवायचं तर मला बी ठेवा,'' म्हणून बाकावर बसून राहिले. संध्याकाळी तो माणूस सुटला. नोकरी मात्र गेली. मालकांनी त्याला आमच्याकडेच वायरी ओढायला घेतलं.

दुसऱ्या दिवशी मला म्हणाले, ''लाव तुझं ते नवीन.'' लावलं. पण निम्म्या घरांतले वायफायचे जुने डबे नवे पत्ते ओळखेनात. फोनवर शिव्या सुरू झाल्या. आठवड्याच्या आत मालकांनी कपाळाला हात लावला : ''बंद कर बाबा. मला झेपत नाय.''

पुढं त्यांनी धंदा एका मोठ्या कंपनीला विकला, मी पुण्याला आलो. इथं काचेच्या खोलीत सूटबूटवाले साहेब नव्या पत्त्यांचा हाच विषय दरवर्षी पुढच्या वर्षावर ढकलतात, तेही छान इंग्रजीत. अशाच एका बैठकीत मालक गेल्याचा फोन आला. मी उठून बाहेर जिन्यात जाऊन बसलो. आतल्या एकाही शहाण्यासाठी मी तसा उठलो नसतो.