भाचीच्या दाढेतलं औषध

डेंटल कॉलेजात तिसऱ्या वर्षाला असताना मी सुट्टीत वसईतल्या एका डॉक्टरांकडे मदतीला जात असे. पाचूबंदरच्या आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. म्हणून सहा वर्षांच्या लेकीला घेऊन माझी ताई तिथे आली, तेव्हा ती डॉक्टरांकडे न बघता माझ्याकडेच बघत होती.

"आता दुखत नाय," ताई म्हणाली. "मी किडीत मिश्री भरली व्हती."

आमच्याकडे बायका दातांना मिश्री लावतात. भाजलेली तंबाखूच ती. पण लहान पोरीच्या दाढेत? ठणका थांबला तो तंबाखूने बधिर होऊन, की आतली नस मेली म्हणून? नस मेली असेल तर दाढ बहुधा काढावी लागणार, आणि शेजारचे दात सरकून खालून येणाऱ्या पक्क्या दाताची जागा जाणार, असं मी ताईला सांगितलं.

"दुधाचीच ना? कवातरी पडनारच हाय," ताई म्हणाली. मी पोरीला खुर्चीत बसवलं.

डॉक्टरांनी बधिर केलं, कीड कोरली, नसेचा वरचा भाग काढला. लालभडक रक्त आलं आणि माझा जीव भांड्यात पडला. नस जिवंत होती. पण ते लवकर थांबलं नाही, तर मुळातली नसही सुजलेली, असा अर्थ. ओला कापूस दाबून धरत त्यांनी मला विचारलं, "उरलेल्या नसेवर काय ठेवू? फॉर्मोक्रेसॉल की एमटीए?"

पहिलं जुनं, खात्रीचं, पण त्यात फॉर्मलीन. त्याच वासात मी पहिल्या वर्षी प्रेतं चिरली होती. दुसरी सिमेंटसारखी नवी पूड. ती वर्षानुवर्षं कशी टिकते, हे कॉलेजातल्या सरांनाही पुरतं ठाऊक नव्हतं.

"एमटीए."

"का?"

"सर, मला फॉर्मलीनची भीती वाटते."

"भीती हे काही कारण झालं नाही." त्यांनी कापूस उचलला. रक्त थांबलं होतं. "पण चालेल. कालव पूड."

मी ती पाण्यात कालवली. थोडी सांडलीच.

"बाय, बरी व्हईल ना?" ताईने विचारलं. मी हो म्हटलं.

पुढे हॉस्टेलवरून घरी आले की आधी भाचीचा ओठ ओढून आत पू झाल्याचा फोड हिरडीवर आलाय का ते बघायची.

"आगं, तिला भात तं खाऊ दे," ताई करवादायची.

हिरडी गुलाबीच असायची. तरी पुढच्या खेपेला पिशवी खाली ठेवायच्या आधीच मी तिला हाक मारायची. औषध मी निवडलं होतं.