साहेबांना विचारून सांगतो

माझी भाची कॉलेजात शिकते. मध्यंतरी टीव्हीवर परदेशातल्या एका काळ्या बाईंचं भाषण चाललं होतं. बाई फार मोठ्या पदावर पोचलेल्या. भाची म्हणाली, "मावशी, आता हिला कोण अडवणार?"

मी मेथी निवडत होते. म्हटलं, "पद मिळालं म्हणजे सत्ता मिळाली, असं तुला कोणी सांगितलं?"

"तुला प्रत्येक गोष्टीत खोट दिसते," ती म्हणाली आणि मोबाईलमध्ये डोकं घातलं.

त्या बाईंचं मला काही ठाऊक नाही. माझ्या मैत्रिणीचं मात्र ठाऊक आहे. ती सभापती होती तेव्हा तिच्या शेजारच्या खुर्चीत मीच बसायचे.

आम्ही दोघी दिघ्याच्या, एकाच चाळीतल्या, एकाच विहारात वंदना शिकलेल्या. बारावीनंतर दोघी पावण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका गाळ्यात पॅकिंगला लागलो. प्लॅस्टिकच्या डब्या खोक्यात भरायच्या, चिकटपट्टी मारायची. अख्ख्या गल्लीत बायांसाठी संडास नव्हता. पुरुष भिंतीकडे तोंड करून मोकळे व्हायचे. आम्ही सकाळी चहा अर्धाच घ्यायचो आणि घरी परत येईपर्यंत पाण्याला शिवायचो नाही. मैत्रिणीला दोनदा लघवीचं इन्फेक्शन झालं. दुसऱ्यांदा तापाने फणफणली तर मालक म्हणाला, "खाडा लागेल."

पुढे आमचा वॉर्ड अनुसूचित जातीच्या महिलेसाठी राखीव झाला. आमच्या पट्ट्यात एका साहेबांचा शब्द चालायचा. त्यांना गरीब, थोडी शिकलेली आणि गप्प बसणारी बाई हवी होती. पहिल्या दोन गोष्टी मैत्रिणीत होत्या. तिसरीच्या बाबतीत साहेबांचा अंदाज चुकला.

ती नगरसेविका म्हणून निवडून आली, आणि दोनेक वर्षांनी महापालिकेच्या महिला-बालकल्याण समितीची सभापती झाली. त्या दिवशी चाळीत पेढे वाटले. ती मला म्हणाली, "तू काम सोड आणि माझ्यासोबत ये. तुझं अक्षर चांगलं हाय. पहिला अर्ज पावण्याच्या संडासाचा लिहायचा."

केबिन मिळाली. दारावर तिच्या नावाची पाटी लागली, गाडी आली, ड्रायव्हर आला. पहिल्याच दिवशी चहा आला तेव्हा समोर बसलेल्या तिघांना कपबशी आणि तिला कागदी कप. मला वाटलं, कप कमी पडले असतील. दुसऱ्या दिवशीही तेच. आठवड्याने मी शिपायाला विचारलं. तो नजर चुकवून म्हणाला, "मॅडमना इन्फेक्शन नको म्हणून." म्हणजे समोरच्या तिघांना झालं तर चालत होतं. मी चिडले, पण मैत्रीण म्हणाली, "असू दे. कपासाठी भांडत बसले तर संडासाचं राहील." मी गप्प बसले. आज त्या गप्प बसण्याचाच जास्त राग येतो.

समितीच्या सभेचे विषय आधीच टाईप होऊन यायचे. कोणी सूचक, कोणी अनुमोदक, सगळं ठरलेलं. तिने फक्त 'मंजूर' म्हणायचं. पावण्याचा विषय आम्ही तीनदा लिहून दिला. तिन्ही वेळा समितीचं काम बघणारे अधिकारी हसून म्हणाले, "मॅडम, पुढच्या सभेत नक्की घेऊ."

चौथ्यांदा ती म्हणाली, "फाईल आणा. मी आत्ता बघते."

"फाईल वर आहे मॅडम."

"वर म्हणजे कुठं?"

अधिकाऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं, जणू हे तिला समजावणं माझंच काम होतं. मग म्हणाले, "साहेबांना विचारून सांगतो."

त्याच आठवड्यात ती ड्रायव्हरला म्हणाली, "चला, पावण्याला जाऊ. जागा बघून येऊ." ड्रायव्हर वयाने मोठा, स्वभावाने चांगला माणूस. गाडी सुरू न करताच तो म्हणाला, "मॅडम, रागावू नका. ठरल्याशिवाय कुठं जायचं असलं तर आधी साहेबांच्या ऑफिसात फोन करायला सांगितलंय." ती गाडीतून उतरली. आम्ही रिक्षा केली. सभापतीबाई रिक्षातून उतरताना बघून गाळ्यातल्या जुन्या बाया हसल्या. आनंदानेच हसल्या, पण माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

सहा महिन्यांनी संडास झाला. पावण्यात नाही. साहेबांच्या पुतण्याने नवीन इमारती उभ्या केल्या होत्या, तिथल्या बागेला लागून झाला. टाईल्स, आरसा, बाहेर कुंड्या. कोनशिलेवर मोठ्या अक्षरांत मैत्रिणीचं नाव, 'यांच्या विशेष प्रयत्नांतून'. फीत कापायला तिलाच बोलावलं.

मी म्हटलं, "जाऊ नकोस."

"जाते," ती म्हणाली. "माईक तर मिळेल."

तिने कात्री हातात घेतली, मग खाली ठेवली आणि माईकवर सांगितलं, "ही जागा मी मागितली नव्हती. मी पावण्यासाठी मागितली होती. तिथं बाया दिवसभर पाणी पीत नाहीत. इथं घराघरात दोन-दोन बाथरूम हायेत." एवढंच. ती ओरडली नाही, कुणाला नावं ठेवली नाहीत. कोणीतरी माईक बंद केला आणि फीत साहेबांनी कापली.

संध्याकाळी साहेबांचा फोन आला. स्पीकर चालू होता, मी ऐकलं. "आम्ही तुला चाळीतून उचलून खुर्चीवर बसवली. विसरू नको."

ती म्हणाली, "मला लोकांनी मतं दिली, साहेब."

"मतं दिली, पण कुणाला दिली ते लोकांना विचार," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

पुढच्या वेळी तिला तिकीट मिळालं नाही. माणसं म्हणाली, बाईला राजकारण जमलं नाही. काही म्हणाली, राखीव जागेवरून आलेल्यांचं असंच असतं. हे म्हणणारी, मी आता राहते त्या कोपरखैरण्याच्या सोसायटीतली शिकलेली माणसं होती. खुर्ची दिली, खुर्चीचे हात-पाय काढून घेतले, आणि वर विचारतात, उभी का राहत नाही. माझं रक्त उकळतं ते यासाठी.

आता ती एका पाळणाघरात काम करते. गेल्या वर्षी पावण्याच्या बायांनी तिला गाठलं. तिने अर्ज लिहायला मला बोलावलं नाही. म्हणाली, "अर्ज खूप झाले. ह्या वेळी नुसतं बसायचं." तीस-पस्तीस बाया एका दिवसाची मजुरी बुडवून त्याच अधिकाऱ्यांच्या केबिनबाहेर जमिनीवर बसल्या. मीही बसले. दुपारी कोणीतरी फोटो काढले, ते मोबाईलवर फिरले. चार वाजता अधिकारी बाहेर आले. चार महिन्यांत गल्लीच्या तोंडाशी दोन संडास उभे राहिले. बिनटाईलचे, पण आतून कडी लागणारे.

बघायला अधिकारी स्वतः आले होते. मैत्रिणीला ओळखून म्हणाले, "मॅडम, तुम्ही पदावर असतानाच बोलला असतात तर तेव्हाच झालं असतं."

मी पुढे सरसावले. मैत्रिणीने माझा हात धरला आणि त्यांना विचारलं, "नळाला पाणी कधी सोडणार?"