जेवलासा का?

चाचा पुडी बांधायचे, पण लगेच हातात द्यायचे नाहीत. आधी विचारायचे, "जेवलासा का?" समोरच्यानं मान डोलावली नाही, तर पुडी पुन्हा खणात. "जावा, चतकोर भाकरी खाऊन या. मी हाय की हितंच."

महाराजांच्या संस्थानात शिवाजी पेठेत आमच्या डॉक्टरांचा दवाखाना होता. चाचा तिथले थोरले कंपौंडर, मी धाकटा. सांध्यांची सूज आणि ठणका उतरवणारी ॲस्पिरिनची पांढरी पूड तेव्हा नवी होती. आम्ही दोघे ती एकाच बाटलीतून, एकाच तराजूवर तोलून द्यायचो. तरी माझ्यापुढे कोणी यायचं नाही. सुजलेल्या गुडघ्याचा एक पैलवान चाचांसाठी ताटकळत उभा होता. मी हाक मारली, तर म्हणाला, "ऱ्हाऊ द्या पावणं, तुमी नुसतं तोलतासा."

मला वाटे, सगळी जादू त्या प्रश्नात आहे. गोड बोलून माणसं जोडायची! मी तो प्रश्न हट्टानं कधीच विचारला नाही.

एका शुक्रवारी भर दुपारी चाचा नमाजाला गेले होते. महिनाभर त्यांच्याकडून रोज पुडी नेणाऱ्या आक्का वाट बघत बसल्या. दवाखान्यात दुसरं कोणी नव्हतं.

"चाचास्नी येऊ द्या की."

"पूड तीच आहे, आक्का!" मी घुश्शात म्हणालो आणि समोरच घ्यायला लावली. त्यांचा अंबाबाईचा कडक उपवास होता. संध्याकाळी त्यांना रक्ताची उलटी झाली. तिसऱ्या दिवशी त्या गेल्या.

"उपाशी पोटी ही पूड आतडी सोलते, हे तुम्हाला कळू नये?" डॉक्टर चाचांवर ओरडले, तेव्हा मला चाचांचा तो प्रश्न प्रथम कळला.

"मी नमाजाला गेलतो," चाचा म्हणाले.

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "इथंच होते."

चाचांनी रुमाल उचलला. मग मला म्हणाले, "तुला शिकवाय पायजे हुतं मी. ऱ्हाऊन गेलं." आणि रुमाल खांद्यावर टाकून बाहेर पडले.

डॉक्टरांनी माझ्यावर विश्वास ठेवला, पेठेनं चाचांवर. ते लेकीकडे गगनबावड्याला निघाले, त्या दिवशी गाडीभोवती ही गर्दी. आक्कांचा मुलगाच त्यांची पेटी उचलून ठेवत होता, डोळे पुसत होता. एक शब्द बोललो असतो, तर गाडी थांबली असती. मी मागे उभा होतो. पश्चात्ताप फार नंतर आला, हे कबूल करतो. त्या वेळी मी फक्त माणसं मोजत होतो, आणि माझ्यासाठी यातली किती आली असती, याचा हिशेब करत होतो.