विहीणबाईंच्या घरचा नळ

आता तुमच्यापासून काय लपवायचं? लेकीचं जमत आलेलं लग्न मी एका नळापायी मोडायला निघालो होतो. हसू नका, आधी ऐका तरी!

आम्ही राहायला औरंगपुऱ्यात. दुष्काळाच्या वर्षांत आमच्या गल्लीत आठवड्यातून एकदा पाणी यायचं, तेही कधी येईल याचा नेम नाही. मग करायचं काय? नळ उघडाच टाकायचा अन् खाली रिकामी बादली. बादलीत धार वाजली की अख्खं घर धावलं!

पुढं पाऊसपाणी बरं झालं, पण माझ्या मनातला दुष्काळ काही हटेना. कोरडा नळ दिसला की हात आपोआप तो उघडा टाकून येतो. पाणी येईल अन् आपल्याला न कळताच निघून जाईल, ही भीती अजून आहे बघा माझ्यात.

तर मंजूला, म्हणजे आमच्या एकुलत्या एक लेकीला, आमच्याच शहरातल्या चिकलठाण्याचं स्थळ आलं. मुलगा इंजिनिअर, दोघांची पसंती झालेली. मी, बायको आणि मंजू त्यांच्या नव्या फ्लॅटवर सुपारी फोडायला गेलो. मुलाच्या आई अजिंठ्याकडच्या, मोठ्या करारी. त्यांनी हौसेनं घर दाखवलं.

"आमच्याकडं पाण्याचं टेन्शनच नाय. चोवीस तास! आज तेवढी टाकी धुवायला काढलीय, म्हणून बंद हाय."

मी पाय धुवायला मोरीत गेलो. नळ कोरडा. बाईंनी कारण सांगितलेलं, मला ते कळलेलंही! पण हात ऐकतो का? नळ उघडा टाकला, खाली बादली सरकवली आणि बैठकीत येऊन साळसूदासारखा बसलो.

बोलणी छान झाली. मुलाच्या वडिलांनी सुपारी फोडायला बत्ता उचलला, आणि आतून आवाज आला. धार!

पुढचं मला नीट आठवत नाही. मी ताडकन उठलो म्हणे.

"पाणी आलं! पाणी आलं! मंजे, पातेली काढ! अगं, कुकर रिकामा कर!"

आता बायकोनं तरी मला आवरायचं की नाही? तिनं पदर खोचला! मंजूनं नव्या साडीच्या निऱ्या वर घेतल्या आणि आमच्यासाठीच केलेला मसालेभात परातीत पालथा केला. पातेलं, कुकर, डबे, पूजेचा तांब्यासुद्धा! मी मोरीच्या दारात उभा राहून, "लवकर! जाईल! जाईल!"

भांडी संपली तेव्हा आम्ही भानावर आलो. नळ जोरात चालूच होता. स्वयंपाकघराच्या दारात मुलाच्या आई उभ्या.

मंजूच्या डोळ्यांत पाणी तरळलं. आपल्या जुन्या भीतीपायी पोरीचं सुख घालवलं की हो मी! मी हात जोडले.

"ताई, चूक माझी. पोरीचा काही दोष नाही. पाण्याचे लई वाईट दिवस काढलेत आम्ही."

ताई पुढं आल्या. एकेक भांडं बघत गेल्या. मग म्हणाल्या, "दहा मिनिटांत घर भरलं की वो पोरीनं! थेंब सांडला नाय. अशी सून पाहिजे. अहो, फोडा ती सुपारी!"

माझ्या जिवात जीव आला. पण बाईंची नजर माझ्यावरच.

"या दोघी मायलेकी पळू पळू भरत व्हत्या. तुमच्या हातात मात्र एक तांब्याबी दिसला नाय?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, तेवढ्यात बायको खोचलेला पदर सोडता सोडता म्हणाली, "त्यांचं काय घेऊन बसलात, ताई? अख्ख्या दुष्काळात त्यांच्याकडं एवढंच काम होतं. ओरडायचं!"