शेवाळकाकांचं शिफारसपत्र

शेवाळकाकांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा मला त्यांचे फक्त पाय दिसले. उरलेले काका वनस्पतिशास्त्र विभागाच्या गच्चीच्या कठड्यावरून खाली लोंबकळत होते. मी त्या दिवशी व्याख्याता म्हणून रुजू व्हायला आलो होतो आणि विभागप्रमुखांची खोली शोधत चुकून गच्चीवर पोचलो होतो. धावत जाऊन त्या पायांना अशी मिठी मारली, की तशी मी जन्मदात्यालाही कधी मारली नव्हती. खालून शांत आवाज आला, "धरलंच आहे तर जरा डावीकडे सरकवा. इथल्याला टोप्या आल्यात." पुढची वीस मिनिटं मी एका अनोळखी गृहस्थाला दोरीवरच्या चादरीसारखा इकडून तिकडे सरकवत होतो आणि ते भिंग डोळ्याला लावून भिंतीवरच्या शेवाळाच्या बीजाणूंच्या टोप्या मोजत होते.

काका आमच्याकडे प्रयोगशाळा सहायक. तरुणपणी ते सरांचेच, म्हणजे आमच्या विभागप्रमुखांचेच, विद्यार्थी होते. घरच्या अडचणीत पीएच.डी. सुटली, शेवाळ काही सुटलं नाही. वर्षानुवर्षं ते त्या एका इमारतीच्या भिंतींची नोंद ठेवत होते. कुठलं शेवाळ कधी उगवलं, कोण कुणावर चढलं, कोण कुणाला पुरून उरलं. नातेवाइकांच्या भानगडींवर आमच्या आत्याचंसुद्धा एवढं बारीक लक्ष नसायचं.

विभागात मात्र त्यांची ख्याती वेगळ्याच कारणानं होती. संशोधनवृत्ती असो की अनुदान, अर्जाला सरांचं शिफारसपत्र लागायचं. सर म्हणायचे, मजकूर काकांकडून करून आणा, मी सही करतो. काका उमेदवाराला चहा पाजायचे, तासभर बोलतं करायचे आणि मग असं पत्र लिहायचे, की उमेदवाराच्या आईलाही आपल्या मुलाबद्दल नवी माहिती मिळावी. माझ्या पत्रात त्यांनी लिहिलं होतं, "हा माणूस अडचणीच्या वेळी घट्ट धरून ठेवतो." मला अनुदान मिळालं.

काकांना पन्नासावं लागलं तेव्हा त्यांनी पहिल्यांदाच स्वतःसाठी अर्ज केला. पीएच.डी. नसलेल्यांसाठी एक संशोधनवृत्ती होती. दोन वर्षं पगारी रजा, बावीस वर्षांच्या नोंदींचं पुस्तक करायला पुरेशी. वयाची अट पन्नाशीच्या आतली, म्हणजे ही शेवटचीच संधी. काकूंनी आपलं शिवणयंत्र स्वयंपाकघरात नेलं आणि पुढची खोली त्यांच्या टेबलासाठी मोकळी केली.

अडलं पत्रापाशी. स्वतःचं कौतुक लिहायला काकांचा हात धजेना. तीन मसुदे केले, तिन्हींत स्वतःचे दोषच जास्त. शेवटी सर म्हणाले, "तुझं पत्र मी स्वतः लिहिणार. एवढं तरी करू दे मला." हे मला सांगताना काकांचा आवाज ओला झाला होता. पत्र बंद पाकिटात गेलं.

तीन महिन्यांनी अर्ज नामंजूर होऊन सगळी कागदपत्रं विभागाकडे परत आली. फायली लावायचं काम काकांचंच. पत्र त्यांनी उभ्यानं वाचलं आणि माझ्या हातात दिलं. "सदर गृहस्थ अत्यंत मेहनती असून त्यांच्यावाचून विभागाचे कामकाज चालणे अशक्य आहे. तरी त्यांच्या अर्जाचा विचार पुढील वर्षी व्हावा."

आम्ही दोघं सरांच्या खोलीत गेलो.

"सर, पुढच्या वर्षी मी वयात बसत नाही," काका म्हणाले. "तुम्हाला ते माहीत होतं."

सर चष्मा पुसत राहिले. मग अगदी मायेनं म्हणाले, "अरे, दोन वर्षं तू नसलास तर पत्रं कोण लिहिणार?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. सरांच्या टेबलावर माझा नवा अर्ज सहीसाठी पडला होता. अडचणीच्या वेळी घट्ट धरून ठेवणारा हा माणूस भिंतीवरच्या कॅलेंडरातल्या तारखा वाचू लागला.

संध्याकाळी मी काकांबरोबर त्यांच्या घरी गेलो. काकूंनी टेबल एका बाजूला सरकवलं. आम्ही दोघांनी शिवणयंत्र उचलून पुन्हा पुढच्या खोलीत ठेवलं.

निवृत्त होईपर्यंत काकांनी आणखी एकसष्ट शिफारसपत्रं लिहिली. त्यांतली दोन माझी होती.