गुलाल लागलेला दोरा

पहिल्या बाळंतपणाला माझ्याबरोबर सासू होत्या. त्यांना मी आत्या म्हणते. हातकणंगल्याच्या अलीकडच्या एका लहान दवाखान्यात मला ठेवलं होतं. सकाळपासून कळा देऊनही मूल खाली सरकेना, तेव्हा डॉक्टर म्हणाले, पोट उघडावं लागेल. त्या वेळी सामानाची यादी घरच्यांच्याच हातात द्यायचे. ह्यांनी दुकानातून सगळं आणलं. सलाईन, हातमोजे, आणि गर्भाची पिशवी शिवायचा दोरा, चकचकीत पाकिटात.

आमच्या घरी कोणतीही नवी वस्तू जोतिबाचा गुलाल लावल्याशिवाय वापरत नाहीत. कोयता असो, शिवणयंत्र असो, लेकराचं अंगडं असो. हा दोरा तर सुनेच्या पोटात जाणार होता. मी बाकावर आडवी होते. आत्यांनी कमरेची पुडी काढली, दातानं पाकिटाचा कोपरा फाडला आणि दोऱ्याला चिमूटभर गुलाल लावला. ते बघून मला बरं वाटलं होतं.

सिस्टर सामान न्यायला आल्या.

"आजी, ह्ये काय केलासा?"

"देवाचं हाय बाई. वंगाळ काय न्हाय त्यात."

"आता ह्यो टाकायचा. उघडला की गेला. ह्यानं वाकळ शिवा घरात."

रविवार होता. दुकानदार सामान देऊन कुलूप लावून जेवायला गेला होता. डॉक्टर आतूनच म्हणाले, थांबता येणार नाही, कपाटातला घ्या. कपाटात जनावराच्या आतड्यापासून करतात तो दोरा होता. त्यानं मला शिवलं. मुलगी झाली. मला आठ दिवस ताप होता. त्या दोऱ्याचं घरात कोणी पुन्हा बोललं नाही. मीही नाही.

सात वर्षांनी पुन्हा दिवस राहिले. ह्या वेळी कोल्हापुरात एका डॉक्टरीणबाईंकडे जात होते. नववा महिना लागल्यावर त्यांनी सोनोग्राफी केली आणि म्हणाल्या, "पिशवीवरचा वण पातळ दिसतोय. मागच्या वेळी कशानं शिवलं होतं? कागद आहे काही?"

कागद नव्हता.

आत्या शेजारीच बसल्या होत्या. "ह्या खेपंला मोकळी हू दे की तिला. माझी पाचबी घरात झाल्याती."

"वण पक्का असला तर कळा देऊन बघता येतं. कच्चा असला तर कळांमध्येच फाटेल. मग आई आणि बाळ, दोघांच्याही जिवाला धोका."

मी खाली बघत होते. मग म्हणाले, "आतड्याचा दोरा होता. कपाटातला."

आत्यांनी पदर नीट केला. मला काही वाटलं नाही. सात वर्षं तोंडात धरलेलं बाहेर पडलं, एवढंच.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तो दोरा लवकर विरघळतो. पण दोऱ्यामुळंच झालं असं सांगता येत नाही. टाके किती थरांत घातले, नंतर ताप आला का, सगळंच त्यात येतं. आपण कळा सुरू व्हायच्या आधीच ऑपरेशन करू."

ऑपरेशनच्या दिवशी ह्यांनी दोरा आणला, सावकाश विरघळणारा. आत्यांनी तो हातात घेतला नाही. "सिस्टरबाईकडं दे सरळ," म्हणाल्या आणि दोन्ही हात पदराखाली घेतले.

मुलगा झाला. नंतर डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, वण कांद्याच्या पापुद्र्यासारखा झाला होता, त्यातून बाळाचं जावळ दिसत होतं. मी मान हलवली. कंबरेखाली अजून बधिर होतं. मुलाला जवळ दिलं तेव्हा त्याच्या डोक्यावरचे केस मी नुसते बघत राहिले.

आत्या दारात सिस्टरना म्हणत होत्या, "बाई, दोऱ्याचं रिकामं पाकीट तेवढं द्या की."

"त्येचं काय करता, आजी?"

"हू दे. द्या."

त्यांनी ते पुसलं, पुडी सोडली आणि पाकिटाला गुलाल लावला. मग माझ्याकडे न बघता ते कमरेला खोचलं. अजून ते आमच्या देव्हाऱ्यात मागच्या बाजूला आहे. देव पुसायला काढले की मी ते उचलते आणि परत तिथंच ठेवते.